पार्किन्सनची गोळी आणि पायांतील बधिरता

कंपवाताचा, म्हणजेच पार्किन्सनचा, रुग्ण ज्या घरात असतो त्या घराचे सारे लक्ष हातांकडे असते. चहाचा कप किती हलतो, सदऱ्याची बटणे लावायला किती वेळ लागतो, सही पूर्वीसारखी जमते का, यांवरून आजाराचा चढउतार ताडला जातो. पायांची दखल घेतली जाते ती चाल मंदावल्यावर किंवा तोल गेल्यावर. तळवे बधिर वाटतात, बोटांत मुंग्या येतात, रात्री पायांची आग होते, अशी तक्रार ज्येष्ठांनी केली तर ‘आता वय झाले’ किंवा ‘आजार वाढला असेल’ असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते.

काही रुग्णांमध्ये या तक्रारीचे मूळ वयात नसते आणि केवळ आजारातही नसते. मेंदूपासून दूर, पायांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झालेली असते. वैद्यकात हिला न्यूरोपॅथी म्हणतात. कंपवातावर वर्षानुवर्षे घेतलेले लेव्होडोपा हे औषध आणि शरीरातील ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांची तूट यांचा या इजेशी संबंध असू शकतो. ही तूट साध्या रक्ततपासणीत कळते आणि भरूनही काढता येते. म्हणून आपल्या घरात कंपवाताचा रुग्ण असेल, तर ही माहिती आपल्यापाशी असणे अगत्याचे आहे.

औषध उपकारकच आहे

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. हा लेख वाचून कोणीही लेव्होडोपाची गोळी बंद करू नये किंवा स्वतःच्या मनाने कमी करू नये. कंपवातात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी पडते. ते मेंदूत तयार व्हावे यासाठी लेव्होडोपा दिले जाते. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी हे औषध तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवीत दिले, आणि जखडलेले रुग्ण पुन्हा हिंडूफिरू लागले. त्यानंतर अनेक औषधे आली. परंतु हालचाल सुधारण्याच्या बाबतीत आजही याच औषधाचा हात कोणी धरू शकलेले नाही. ते एकाएकी थांबवल्यास अंग ताठणे, तीव्र ताप आणि शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते. प्रश्न औषध घ्यावे की नाही हा नाही. ते घेत असताना कशाकडे लक्ष ठेवावे, एवढाच आहे.

शरीरात काय घडते

लेव्होडोपाचा काही भाग मेंदूत पोहोचतो. उरलेल्याची शरीर इतरत्र विल्हेवाट लावते. या कामात ‘कॉम्ट’ नावाचे विकर लेव्होडोपाला मिथाइल नावाचा एक रासायनिक गट जोडते. हा गट ज्या द्रव्याकडून घेतला जातो, त्याच्यापासून पुढे होमोसिस्टीन तयार होते. जेवणावळीत पंगत उठली की खरकटी ताटे मागे राहतात, तसे हे होमोसिस्टीन. ताटे लगेच धुतली गेली तर पुढची पंगत विनाअडचण बसते. धुणारे हात कमी पडले तर ढीग साचतो. शरीरात हे धुण्याचे काम ब-१२, फोलेट आणि ब-६ ही तीन जीवनसत्त्वे करतात.

लेव्होडोपाची मात्रा जितकी अधिक आणि वर्षे जितकी जास्त, तितका या जीवनसत्त्वांवरचा भार वाढतो. त्यातच लेव्होडोपासोबत गोळीत असलेले कार्बिडोपा ब-६ च्या क्रियाशील रूपाला चिकटते आणि ते निकामी करू शकते. ब-१२ तर मज्जातंतूंच्या आवरणासाठी आवश्यकच आहे. ते कमी पडले की शरीरातील सर्वांत लांब तंतूंना, म्हणजे कमरेपासून पायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या तंतूंना, आधी झळ पोहोचते. म्हणूनच तक्रारीची सुरुवात बोटांपासून होते आणि ती मोजा चढवावा तशी वर सरकत जाते.

संशोधन काय सांगते

या संबंधाकडे वैद्यकाचे गांभीर्याने लक्ष गेले ते गेल्या दोन दशकांत. २०१० साली कॅनडातील एका अभ्यासात कंपवाताच्या ५८ रुग्णांची तुलना त्याच वयाच्या तितक्याच इतर व्यक्तींशी करण्यात आली. रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत न्यूरोपॅथी आढळली; इतरांत हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. २०१३ साली इटलीतील अनेक केंद्रांनी मिळून ३३० रुग्ण तपासले. तीन वर्षांहून अधिक काळ लेव्होडोपा घेणाऱ्यांत न्यूरोपॅथीचे प्रमाण सुमारे १९ टक्के, त्याहून कमी काळ घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के आणि कधीच न घेतलेल्यांत सुमारे ५ टक्के होते. बहुतेकांचा त्रास सौम्य आणि संवेदनेपुरता मर्यादित होता.

दोन्ही अभ्यासांतील आकडे वेगळे आहेत, कारण रुग्ण निवडण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. कंपवात स्वतःही त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंना इजा करतो, असे दाखवणारे पुरावे आहेत. तेव्हा सारा दोष औषधाच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. मात्र आजार, औषध आणि जीवनसत्त्वांची तूट या तीन कारणांपैकी तिसरे आपल्या हाती आहे, याबद्दल फारसे दुमत नाही.

आपल्याकडे धोका अधिक का

ब-१२ केवळ प्राणिज अन्नातून मिळते. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मांस हे त्याचे स्रोत. भाज्या, डाळी, फळे यांत ते नसते. नागपूरची संत्री गुणकारी आहेत, त्यांतून ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेटही मिळते. पण कितीही संत्री खाल्ली तरी ब-१२ मिळणार नाही.

आपल्या राज्यातील वस्तुस्थिती पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर आली. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली असता ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हे सारे कंपवाताचे रुग्ण नव्हते. आपल्या-तुपल्यासारखी हिंडतीफिरती माणसे होती. म्हणजे आपल्याकडील अनेक रुग्ण लेव्होडोपाची पहिली गोळी घेतात तेव्हाच त्यांच्याकडे ब-१२ ची शिल्लक बेताची असते.

उतारवयात जठरातील आम्ल कमी होते, त्यामुळे अन्नातील ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन आणि ‘अ‍ॅसिडिटी’साठी महिनोन्‌महिने चालू राहिलेली पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी याही ब-१२ कमी करतात. कंपवात, मधुमेह आणि पित्ताची गोळी असा त्रिवेणी संगम आपल्या घरांत दुर्मीळ नाही. अशा रुग्णाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. कपिकच्छू, म्हणजे आपली खाजकुयली, हिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ असे समजून अनेकजण तिचे चूर्ण गोळीच्या जोडीला घेतात. झाडातून आलेले लेव्होडोपाही शरीरात त्याच वाटेने जाते. चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. नाहीतर एकूण मात्रा किती जाते आहे याचा अंदाजच चुकतो.

लक्षणे कशी ओळखावीत

पायांतील प्रत्येक वेदना न्यूरोपॅथीची नसते. पुढील खुणा लक्षात ठेवल्यास डॉक्टरांना नेमके सांगता येईल.

दोन्ही पायांत सारख्याच, बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढणाऱ्या आणि दिवसभर टिकून राहणाऱ्या मुंग्या, बधिरपणा वा जळजळ यांमुळे न्यूरोपॅथीची शंका घ्यावी. कापसावर किंवा गादीवर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, फरशी गार आहे की गरम हे न उमगणे या तक्रारीही तशाच. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जात असेल किंवा अंधारात चालणे विशेष कठीण होत असेल, तर ती महत्त्वाची खूण समजावी. पायांकडून येणारी खबर मंदावली की शरीर डोळ्यांच्या आधाराने तोल सावरते. डोळे मिटताच तो आधार जातो.

याउलट, गोळीचा असर ओसरल्यावर येणारी आणि पुढची गोळी लागू पडताच थांबणारी वेदना बहुधा कंपवाताचीच असते. पहाटे पायाची बोटे वळणे, पोटऱ्यात गोळे येणे हेही त्याच प्रकारात मोडते. कमरेतून एकाच पायात उतरणारी कळ मणक्याकडे बोट दाखवते. अ‍ॅमॅन्टाडिन हे औषध चालू असल्यास घोट्यांना सूज आणि त्वचेवर जाळीसारखी जांभळट नक्षी दिसू शकते. तो त्रास वेगळा, त्याचा उपाय वेगळा.

एक धोक्याची सूचना मात्र विसरू नये. काही दिवसांत झपाट्याने पायांतील शक्ती जाऊ लागली, अशक्तपणा वर चढू लागला, किंवा श्वास घेणे वा गिळणे कठीण झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पोटातून नळीने आतड्यात लेव्होडोपाचा जेल सोडण्याची उपचारपद्धती युरोपात रूढ आहे. ती घेणाऱ्या काही रुग्णांत अशी वेगाने वाढणारी न्यूरोपॅथी आढळली, आणि त्यामुळेही जीवनसत्त्वांच्या तपासणीला महत्त्व आले.

कोणत्या तपासण्या कराव्यात

पहिली तपासणी डॉक्टरांच्या हातची. घोट्यावर कंपन करणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टेकवून आणि पायाला बारीक तंतू लावून संवेदना पाहिली जाते. त्यानंतर रक्तातील ब-१२, फोलेट आणि होमोसिस्टीन. ब-१२ चा आकडा सीमेवर असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल मोजल्यास खरी तूट उघड होते. साधारणपणे ब-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमहून कमी असल्यास ते कमी मानले जाते. २०० ते ३०० च्या दरम्यान शंका उरते. सोबत रक्तातील साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासणे इष्ट, कारण न्यूरोपॅथीची इतर कारणेही नाकारता आली पाहिजेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणजे ब-१२ ठीक आहे, असे नसते; रक्तक्षय नसतानाही मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आणि तपासणीसाठी रक्त देण्याआधीच ब-१२ चे इंजेक्शन घेतले, तर अहवालातील आकडा भरभक्कम दिसतो आणि मूळ तूट झाकली जाते.

आवश्यक वाटल्यास डॉक्टर मज्जातंतूंतील विद्युत्‌वहनाची चाचणी सुचवतात. केवळ सूक्ष्म तंतूंना इजा झाली असेल तर ही चाचणी निर्दोष येऊ शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून रुग्णाची आग खोटी ठरत नाही.

उपचार आणि सावधगिरी

तूट आढळल्यास डॉक्टर ब-१२ ची इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतात. उतारवयात शोषणच मंदावलेले असल्याने केवळ आहार बदलून साचलेली तूट भरून निघत नाही. उपचार सुरू झाल्यावर धीर धरावा लागतो. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने. जळजळ आणि मुंग्या कमी होण्यास काही महिने लागतात. फार जुनी इजा पूर्ण भरून येईलच असे नाही. लवकर ओळखण्याचे महत्त्व यातच आहे.

औषधाच्या दुकानातून मनाने ‘नसांची ताकदीची गोळी’ आणण्याची सवय मात्र टाळावी. ब-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर त्यानेच न्यूरोपॅथी होते. टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स आणि ‘न्यूरो’ नावाच्या गोळ्या एकत्र घेतल्यास ही मात्रा नकळत वाढते. ब-१२ कमी असताना एकटे फॉलिक अ‍ॅसिड घेणेही योग्य नाही. रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. टॉनिकमध्ये लोह असेल तर ते लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. आग कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिन वा गॅबापेन्टिनसारख्या औषधांनी गुंगी येऊन रुग्ण पडू शकतो. ती सुरू झाल्यावर पहिले काही दिवस विशेष सोबत असावी.

दूध-दही ताटातून काढू नये

प्रथिनयुक्त अन्न लेव्होडोपाच्या शोषणाशी स्पर्धा करते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक असते. मात्र त्यातून काही ठिकाणी रुग्णाचे दूध, दही, अंडी सारेच बंद केले जाते. शाकाहारी ज्येष्ठाच्या बाबतीत याचा अर्थ ब-१२ चा एकमेव मार्ग बंद करणे असा होतो. वजन घटते ते निराळेच.

आवश्यकता आहे ती वेळ पाळण्याची. साधारणपणे गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावी. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी हलके जेवण आणि संध्याकाळच्या जेवणात दही, पनीर, अंडे वा मासे अशी आखणी अनेकांना मानवते. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ मिळते. प्रौढाची रोजची गरज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. सावजी मटणाची आवड असलेल्यांना ते अगदी वर्ज्य नाही, मात्र तर्रीचा तिखटपणा आणि गोळीची वेळ दोन्ही सांभाळावीत.

नागपूरचा उन्हाळा आणि बधिर पाय

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि कित्येकदा त्यापुढे जातो. गच्चीवरची फरशी, अंगणातील शहाबादी, देवळाच्या आवारातील दगड इतके तापतात की धडधाकट माणूसही पाय उचलत चालतो. बधिर पायाला तो चटका कळत नाही. कुरडया, पापड वाळवण्यासाठी गच्चीवर गेलेल्या आजींच्या तळव्याला फोड आला हे संध्याकाळी मोज्याला पाणी लागल्यावर लक्षात येते, आणि मधुमेह असेल तर जखम चिघळते. म्हणून अशा रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये. टेकडी गणपती असो वा कोराडीची जगदंबा, दर्शनाला उन्हाच्या आधी, भल्या सकाळी जावे आणि जाड सुती मोजे घालावेत.

हिवाळ्याचा धोका उलट आहे. थंडीच्या रात्री पायांशी गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी ठेवण्याची पद्धत आहे. बधिर पायांजवळ या दोन्ही वस्तू ठेवू नयेत. लोकरीचे मोजे पुरेसे. अंघोळीच्या पाण्याचा कढतपणा रुग्णाच्या पायाने न पाहता काळजीवाहकाने आपल्या कोपराने पाहावा.

रोज रात्री पाच मिनिटे पायांसाठी राखून ठेवावीत. रुग्णाला खुर्चीत बसवून चांगल्या उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. भेग, फोड, लालसरपणा, रुतलेला खिळा वा खडा यांची पाहणी करावी. मागून पट्टा असलेली, घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट वापरावेत. नुसत्या सपाता निसटतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा आणि वाटेतील पायपुसणी व कूलरच्या वायरी हलवाव्यात. कंपवाताने आधीच डळमळलेल्या चालीला बधिरतेची जोड मिळाली की मांडीचे हाड मोडणारी एक पडझड सारे घर महिनोन्‌महिने अंथरुणाभोवती बांधून ठेवते.

भेटीची तयारी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाट येथून अनेक रुग्ण मेंदूविकारांच्या उपचारांसाठी नागपुरात येतात. ‘मेडिकल’ला जा, मिहानमधील एम्सला जा, की खासगी दवाखान्यात, प्रवासात दिवस जातो आणि तपासणीला मिनिटेच मिळतात. ती हालचालींच्या तक्रारींतच संपतात. म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून न्यावे : लेव्होडोपाच्या दिवसभराच्या गोळ्या व त्यांच्या वेळा, किती वर्षांपासून चालू आहे, मेटफॉर्मिन वा पित्ताची गोळी आहे का, चूर्ण-टॉनिक कोणते, आणि पायांची तक्रार केव्हापासून, कुठपर्यंत.

मग तीन प्रश्न विचारावेत. पायांची संवेदना तपासता का? ब-१२ आणि होमोसिस्टीन पाहू या का? ही तपासणी पुन्हा केव्हा करावी? तक्रार नसली तरी लेव्होडोपा सुरू करताना एकदा आणि नंतर ठरावीक काळाने ब-१२ तपासावे, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात.

आपल्या घरातील ज्येष्ठ ‘पाय माझे नाहीतच असे वाटते’ असे म्हणत असतील, तर आज रात्री त्यांचे मोजे उतरवून तळवे पाहावेत, आणि पुढच्या भेटीच्या कागदावर ही तक्रार सर्वांत वर लिहावी.